एकविसाव्या पानावरचे नऊ गुण

पेपर तपासणाऱ्या बाईला वर्षातले अकरा महिने कुणी विचारत नाही. बारावा महिना मे. त्या महिन्यात मंडईतली भाजीवालीसुद्धा मेथीची जुडी हातात ठेवता ठेवता आवाज खाली आणते, "मॅडम, आमच्या भाच्याचा नंबर सांगू का? नुसतं बगा की." चौतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. शिकवलेलं कुणाच्या ध्यानात राहिलं असेल असं वाटत नाही. मागणीची आणि पुरवठ्याची रेषा फळ्यावर एकमेकींना जिथे छेदायची, तिथवर अर्ध्या वर्गाचा डोळा लागलेला असायचा. तपासलेलं मात्र सगळ्यांच्या ध्यानात आहे. आजही एखाद्या लग्नात टक्कल पडलेला गृहस्थ ताट हातात घेऊन समोर येतो आणि म्हणतो, "मॅडम, तुम्ही मला सदतीस दिले होते."

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. विद्यापीठाचे पेपर परीक्षकांनी घरी न्यायचे नसतात. एका ठरलेल्या कॉलेजात सगळ्यांनी जमायचं आणि तिथेच बसून तपासायचे. या जागेला आम्ही 'कॅप' म्हणतो. पूर्वी एका मोठ्या हॉलमध्ये बाकं मांडलेली असायची. मे महिन्याचं सोलापूर, वर पंखे, आणि पंख्याच्या वाऱ्याने उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या गठ्ठ्यावर दगड. दगड चांगला मिळावा म्हणून लवकर येणारे परीक्षक मी पाहिलेत. एक मी होते.

त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा वय एकोणतीस, अंबाडा, इस्त्रीची कडक साडी आणि पर्समध्ये चार लाल पेनं. चार का? एक संपलं तर, दुसरं कुणी मागितलं तर, तिसरं गळलं तर. चौथं शोभेला. मी स्वतःला न्यायाधीश समजत होते. प्रत्येक उत्तराखाली शेरा लिहायचे: 'विवेचन त्रोटक', 'संकल्पना अस्पष्ट', 'उदाहरण अप्रस्तुत'. तिसऱ्या दिवशी आमचे प्रमुख परीक्षक, पानाचा तोबरा भरलेले एक वयस्क सर, माझ्या बाकाशी थांबले. म्हणाले, "बाई, हा पेपर मुलाला परत मिळत नाही, ठाऊक आहे ना?"

"हो सर."

"मग हे एवढं पत्र कुणाला लिहिताय?"

हॉल हसला. मी शेरे लिहायचं थांबवलं नाही. अक्षर बारीक केलं, इतकंच.

उत्तरपत्रिकेत मुलंही आम्हाला पत्रं लिहायची. 'मॅडम, माझं लग्न ठरलंय, पोराकडची मंडळी पदवीधर सून मागतात.' 'सर, आई आजारी आहे.' एकाने लिहिलं होतं, 'हा प्रश्न मला येतो, पण आत्ता आठवत नाही.' त्या प्रामाणिकपणाला मी शून्य दिलं होतं. आज दोन तरी दिले असते.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. या मे महिन्यात बसवराजचा फोन आला. बसवराज माझा विद्यार्थी, अक्कलकोटकडचा. घरात कानडी, वर्गात मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. आता तो स्वतः प्राध्यापक आहे आणि कॅपचा प्रमुख. म्हणाला, "मॅडम, परीक्षक कमी पडायलेत. तुमी या की."

"मला ते संगणकावरचं जमणार नाही रे."

"लई सोपंय मॅडम. चष्मा तेवढा आणा."

आता तपासणीची रीत बदलली आहे. मुलं अजून कागदावरच लिहितात, पण उत्तरपत्रिकेचं प्रत्येक पान स्कॅन होतं आणि आपल्याला पडद्यावर दिसतं. नाव नाही, नंबर नाही, नुसता एक सांकेतिक आकडा. डाव्या बाजूला मुलाचं अक्षर, उजव्या बाजूला प्रश्नांची यादी आणि गुणांचे चौकोन. चौकोनावर टिचकी मारायची की गुण पडले. बेरीज यंत्र करतं. मुलाने प्रश्न सोडवलाच नसेल तर 'सोडवला नाही' या चौकोनावर टिचकी. शेवटी 'सादर करा'. एकदा सादर केलं की पेपर गेला. परत बोलावता येत नाही.

जायच्या आदल्या दिवशी माझी नात केतकी हिने शिकवणी घेतली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या हातातल्या माऊसकडे पाहून तिला हसू आवरत नव्हतं. "आज्जी, लाटणं नाही ते. हलकं धर."

मी टोमणा परत केला. "तुमचं बरंय. प्रोजेक्ट मोबाइलच लिहून देतो. तुमच्या वर्गातल्या साठही मुलांचा शेवटचा परिच्छेद 'यावरून असे स्पष्ट होते' असाच सुरू होतो म्हणे."

"मग तुमच्या वेळी काय व्हायचं?"

"एका मुलीची वही सगळा वर्ग उतरवून काढायचा. निदान हात तरी दुखायचे."

"आणि तू ते सगळं वाचायचीस?"

या प्रश्नावर मी कुकर लावायला उठले. खरं सांगायचं तर साठ वह्यांवर साठ बरोबरच्या खुणा करायला मला पंचवीस मिनिटं पुरायची.

कॅपमध्ये पाऊल टाकलं आणि अंगावर गार हवा आली. संगणकांच्या खोलीला एसी होता. चौतीस वर्षं आम्हाला उकडत होतं, तेव्हा कुणी एसीचं नाव काढलं नाही. संगणकाला उकडायला लागलं आणि एका उन्हाळ्यात बसला. मी शाल घेऊन गेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मे महिन्यात, सोलापुरात, शाल पांघरून पेपर तपासत होते.

माझ्या शेजारी फरजाना नावाची तरुण प्राध्यापिका होती, तासिका तत्त्वावर शिकवणारी. म्हणजे वर्षभर कायमच्या माणसाइतकंच काम, आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. हात इतका सफाईदार की माऊस दिसायचाच नाही. आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. त्यावर आम्हा सगळ्या परीक्षकांची नावं, प्रत्येकाने आज किती पेपर तपासले तो आकडा आणि पुढे एक पट्टी. भरपूर झाले तर हिरवी, बरे असतील तर पिवळी, कमी तर लाल. दर पंधरा मिनिटांनी यादी आपोआप वरखाली व्हायची.

पहिल्या दिवशी संध्याकाळी माझं नाव सगळ्यात खाली. नऊ पेपर. पट्टी लाल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपाळी लाल शाई लावली, आता भिंतीवर माझ्याच नावापुढे. बसवराज म्हणाला, "मॅडम, त्याच्याकडं लक्ष नका देऊ. ते नुसतं विद्यापीठाला दाखवायला हाय." मी म्हटलं, छे, मला काय त्याचं. आणि रात्रभर त्याचंच.

दुसऱ्या दिवशी फरजानाला माझी दया आली. अडचण अशी होती की यंत्राला प्रत्येक पान उघडल्याशिवाय चालत नाही. चोवीस पानांची उत्तरपत्रिका, मुलाने चौदाच लिहिलेली असली तरी उरलेली कोरी दहा पानंही बघावी लागतात. नाहीतर 'सादर करा' उमटत नाही. मी एकेक कोरं पान निरखत बसायचे, म्हशीला पारखावं तसं.

"मॅडम, लिहिलेलं संपलं ना, की पानं पळवायची," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हा बाण दाबून धरायचा. बघा, गेली की नाही भुर्रकन शेवटपर्यंत? सगळ्या पानांवर खूण आली. आता सादर."

खोलीतले सगळेच पानं पळवत होते. मीही पळवायला लागले. दुसऱ्या दिवशी एकवीस, तिसऱ्या दिवशी चौतीस, पट्टी पिवळी. चौथ्या दिवशी दुपारचा डबा मी दहा मिनिटांत संपवला. शेंगाचटणी आणि भाकरी दहा मिनिटांत गिळणारी बाई काय मनःस्थितीत असेल ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. चार वाजता यादी हलली आणि माझं नाव सगळ्यात वर गेलं. बावन्न पेपर. हिरवीगार पट्टी. एकोणसत्तराव्या वर्षी मी पहिली आले होते. फरजानाने टाळी वाजवली, मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवून पाहिलं, आणि मी अंबाड्यावरून हात फिरवला. तोच तो, एकोणतिसाव्या वर्षीचा हात.

चहा आला. फरजाना हसत सांगायला लागली, "मॅडम, आज एक गंमत आली. एका पोराने पहिल्याच पानावर लिहिलंय, 'स्कॅनवाले भाऊ, पान सरळ ठेवा, माझी आकृती कडेला आहे.' आपल्याला काहीच नाही लिहिलं. आपली किंमत गेली."

सगळे हसले. मीही हसले, आणि म्हणाले, "मलाही आज एकाने लिहिलं होतं. सातव्या पानाच्या समासात. 'प्रश्न तिसरा शेवटी सोडवला आहे, कृपया पाहावा.'"

"मग? बरा सोडवला होता?"

कप ओठांशी होता. मी आठवायला लागले. सातवं पान आठवलं. समासातलं ते वाक्य, त्याच्याभोवती काढलेली चौकट, तिरपं अक्षर, सगळं आठवलं. शेवट काही केल्या आठवेना.

कागदाच्या काळात अशी चिठ्ठी दिसली की आमचा हात आपोआप एक गोष्ट करायचा. डाव्या हाताचं बोट त्या पानात अडकवून ठेवायचं आणि उजव्या हाताने शेवट उघडायचा. तिसरा प्रश्न बघून गुण मांडायचे आणि बोटाच्या जागी परत यायचं. ही काही कुणी शिकवलेली रीत नव्हे. सगळे परीक्षक तसंच करायचे. त्या दिवशीही मी बोट ठेवलं होतं, हे मला स्पष्ट आठवलं. पडद्याच्या काचेवर, चौकटीच्या बाजूला, डाव्या हाताची तर्जनी. उजव्या हाताने पुढचे प्रश्न तपासत गेले. पाचवा संपला, पुढचं पान कोरं. बोट केव्हाच काचेवरून निघालं होतं. मी बाण दाबून धरला, पानं पळाली, यादीत तिसऱ्या प्रश्नाचा चौकोन रिकामा दिसला, तिथे 'सोडवला नाही' अशी टिचकी मारली आणि सादर केलं. लगेच पुढचा पेपर. बावन्न व्हायचे होते ना.

एक प्रश्न सोळा गुणांचा. पेपर ऐंशीचा, पास व्हायला बत्तीस. त्या पेपरला मी किती दिले होते ते आठवत नव्हतं, पण भरपूर नव्हते एवढं नक्की.

चहा तसाच ठेवून बसवराजच्या टेबलाशी गेले. त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा पाहून थांबला.

"सांकेतिक आकडा आठवतो का मॅडम?"

"माझ्या नातीचा मोबाइल नंबर आठवत नाही मला."

त्याने काहीतरी खटाखट दाबलं. "आजच्या बावन्नमधल्या अकरा पेपरांत तुमी तिसऱ्या प्रश्नाला 'सोडवला नाही' टाकलंय. त्यातलाच एक असणार."

"मग उघड की अकराही."

"मला उघडत नाहीत. मला फक्त नोंद दिसते. तुमी कुठल्या पानावर किती वेळ थांबलात ती." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. अकरा पेपर, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानांपुढे एकच आकडा. एक सेकंद. एक सेकंद. एक सेकंद. खाली ओळीने.

आमच्या वेळी असली नोंद असती तर हॉलमधल्या निम्म्या लोकांना मे महिन्यात थंडी वाजली असती.

पेपर परत उघडायचा तर विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज पडद्यावरच. कारण लिहायचं नसतं, निवडायचं असतं. यादी उघडली: 'तांत्रिक अडचण', 'स्कॅनमधील दोष', 'परीक्षकाची चूक'.

बसवराज खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "मॅडम, तांत्रिक टाका. सगळे तेच टाकतात."

"आणि परीक्षकाची चूक टाकली तर?"

"तर नुसते अकरा नाही, आजचे बावन्नच्या बावन्न दुसऱ्याकडं जातात फेरतपासणीला. तुमची लॉगिन बंद. पॅनेलवरनं नाव जातंय. आणि मॅडम..." तो जरा घुटमळला. "तुमच्या हाताखाली शिकलेली निम्मी माणसं हितं बसलीत."

"तांत्रिक टाकलं तर पेपर उघडेल?"

"उघडंल की. पण ते आधी मशीन तपासतात. मशीनमध्ये काय नाही निघालं तर अर्ज पडून राहतो. निकाल लागतो तोवर." मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "न्हायतर असं करा, काहीच नका करू. लेकरू निकाल बघंल, झेरॉक्स मागंल, फेरतपासणीचा अर्ज करंल. नियम हाय की."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

मी एकतीस वर्षांची असतानाची गोष्ट. पहिल्या वर्षाचे पेपर तेव्हा कॉलेजच तपासायचं. दत्ता म्हणून एक मुलगा होता, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातला. निकाल लागल्यावर तो आमच्या घरी आला. दारातच उभा. "मॅडम, दोन प्रश्न पुरवणीत हायत. ते बगितले का?" मी त्याला तडकाफडकी म्हटलं, "सगळं बघूनच गुण दिलेत. पटत नसेल तर अर्ज कर. नियम आहे." सासूबाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला, तेही मला आवडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप कपाटातला गठ्ठा काढला. पुरवणी होती. दोऱ्याने उलटी बांधलेली, मागच्या बाजूला. मी ती उघडलीच नव्हती. दोन्ही प्रश्न सोडवलेले, आणि चांगले. पण गुणांचा तक्ता प्राचार्यांच्या सहीने गेलेला. दुरुस्तीसाठी प्राचार्यांना पत्र लिहावं लागलं असतं: माझी चूक झाली. चार लाल पेनांतल्या एकालाही ते वाक्य लिहिता आलं नाही. मी गठ्ठा परत बांधला. दत्ता आठ दिवसांनी परत आला तेव्हा म्हणाले, "पाहिलं मी. गुण बरोबर आहेत. ऑक्टोबरला बस."

"व्हय मॅडम," तो म्हणाला.

ऑक्टोबरला बसला, पास झाला. पुढे शिकला, गावी केळीची बाग केली, आता चार माणसं त्याच्या शब्दाला मान देतात. आणि दर वर्षी माझ्या घरी केळीचा घड पाठवतो. गावात सांगतो म्हणे, "मॅडमनी नापास केलं म्हणून मी अभ्यासाला लागलो. कडक होत्या, पण न्यायाच्या." केळी फार गोड असतात. मी ती खाते. त्याला हे आजवर सांगितलेलं नाही. आता हा लेख छापून आला की कळेल, कारण तोंडाने सांगायचं धैर्य अजूनही माझ्यापाशी नाही. त्याचं चांगलं झालं म्हणून माझी लबाडी बरोबर ठरत नाही, एवढं कळायला मात्र एकोणसत्तरावं वर्ष लागायला नको होतं.

हे सगळं मी बसवराजला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तू झेरॉक्ससाठी अर्ज केला असतास का रे, त्या वयात?"

तो विचार करून म्हणाला, "न्हाय मॅडम. मला वाटलं असतं, आपलंच काहीतरी चुकलं."

मी माऊस हलका धरला आणि 'परीक्षकाची चूक' निवडलं.

एव्हाना फरजाना मागे येऊन उभी राहिली होती. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाली, "मॅडम, पानं पळवायचं मी शिकवलं... जूनमध्ये माझी मुलाखत आहे." अर्जात खाली 'तपशील' म्हणून एक रिकामी जागा होती. मी टंकलं, एका बोटाने: 'समासातील सूचना वाचूनही मी शेवटची पाने वाचली नाहीत. घाई माझी.' तिला म्हटलं, "बाई गं, लबाडी शिकायला मला तुझी गरज नव्हती. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून येते मला." ती हसली नाही. जागेवर गेली. नंतर मी पाहिलं तर कोऱ्या पानांवरही ती दोन-दोन श्वास थांबत होती.

माझी लॉगिन संध्याकाळच्या आत बंद झाली. भिंतीवरच्या यादीतून नाव गेलं. पहिल्या क्रमांकावर मी जेमतेम एक तास होते.

घरी केतकीला सांगितलं. वाटलं, ही आता महिनाभर मला पिडणार. तिने एवढंच विचारलं, "आज्जी, तो पेपर माझा असता तर?"

"तुझा असता तर तू समासात काही लिहिलंच नसतंस. तुला वाटतं, सगळ्यांना सगळं आपोआप दिसतं."

बसवराजने तिसऱ्या दिवशी बोलावलं. नियमाप्रमाणे उघडलेला पेपर मला तपासता येणार नव्हता, तो वरिष्ठ परीक्षकांनी तपासायचा. पण चूक कुठे झाली ते दाखवायला मी समोर हवी. वरिष्ठ परीक्षक म्हणजे पस्तिशीचा एक गंभीर तरुण. माझ्या कधीच हाताखाली नव्हता, त्यामुळे त्याला माझी भीती नव्हती. बरंच झालं.

सातवा पेपर उघडला आणि ती चौकट दिसली. एकूण गुण सत्तावीस. पाच कमी. पहिल्या दिवसासारखी मी खुर्चीत पुढे सरकले. त्याने एकेक पान पुढे नेलं. पंधरा, सोळा, कोरी. अठरा, कोरं. वीसही कोरं. एवढी पानं सोडून कुणी लिहितं का, असं मनात आलं. मग आठवलं, मुलं सोडतात. मधल्या प्रश्नात काही आठवलं तर वाढवायला जागा राहावी म्हणून. चौतीस वर्षं बघतेय मी.

एकविसाव्या पानावर तिरपं अक्षर सुरू झालं.

प्रश्न होता, नव्या तंत्रज्ञानाचा रोजगारावर परिणाम. पहिलं अर्धं पान पुस्तकातलं, तेही अर्धवट. मग त्या पेपरने पुस्तक सोडलं. लिहिलं होतं, माझे वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. आधी एका माणसाकडे दोन माग होते, आता आठ आहेत. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, म्हणून मालकाला वाटते की माणसाला काम नाही. पण आठ मागांमध्ये फिरताना कापडातली खोट दिसत नाही, ती घडी घालणाऱ्या बायकांना दिसते. 'सुट्टीत मी घडी घालायला गेले होते तेव्हा मला पण दिसली.' म्हणून रोजगार कमी झाला असे म्हणण्यापेक्षा काम पुढच्या टेबलावर गेले असे म्हणावे.

'गेले होते.' म्हणजे मुलगी. आम्हाला ते कळायला नको असतं, पण कळतं.

तिने हे मला उद्देशून लिहिलं नव्हतं. तिला कुठे माहीत होतं की आपला पेपर बावन्न मागांवर फिरणाऱ्या बाईकडे जाणार आहे. तरी माझे कान गरम झाले. एसी असून.

तरुण परीक्षकाने दोनदा वाचलं. माऊस गुणांच्या चौकोनांवरून फिरवला. सहावर थांबला, आठवर गेला. मी तोंड बंद ठेवलं होतं, जे मला फारसं जमत नाही. शेवटी नऊवर टिचकी मारली. एकूण छत्तीस.

"पुस्तकातला भाग अपुरा आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"बारा बसतात," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्हाला गुण द्यायचा अधिकार नाही."

"म्हणूनच सांगतेय. अधिकार होता तेव्हा मी सातच दिले असते."

तो पहिल्यांदाच हसला. पण नऊचे दहा केले नाहीत. चांगला परीक्षक होईल.

माझ्या बावन्न पेपरांत आणखी दोन चुका निघाल्या, हेही लिहून टाकते. दोन्ही बेरजेच्या नव्हत्या. बेरीज यंत्र करतं, तिथे चुकायची सोय उरलेली नाही. दोन्ही न वाचलेल्या ओळींच्या होत्या.

जूनमध्ये निकाल लागला, आता तो मोबाइलवरच लागतो. टॉवेलच्या घड्या घालता घालता किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर, त्या मुलीने कुठेतरी तो उघडला असेल. अर्थशास्त्र, छत्तीस, उत्तीर्ण. तिला बावन्न पेपर ठाऊक नाहीत, अर्ज ठाऊक नाही, मी तर नाहीच नाही. तिने मैत्रिणीला मोबाइल दाखवून म्हटलं असणार, "बग की, एवढं पान भरून लिवलं, आन् छत्तीसच. कोण कंजूस बाई बसली होती काय की तपासायला." मैत्रिणीनेही दोन शब्द जोडले असतील.

जोडू देत. तिच्या जागी मी असते तर चार जोडले असते.